कालव्याकाठची खोली नंबर चार

विषय: लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसानिमित्त कालव्याच्या शहरी शांत व रोमँटिक हॉटेल निवडणेबाबत.

संदर्भ: १) सौ. सुमन कुंटे यांचे तोंडी टोमणे, वेळोवेळी. २) डॉ. सबनीस, ओकव्हिल, यांनी दाखवलेले व्हेनिसचे फोटो. ३) निम्नस्वाक्षरीकाराचा मत्सर.

उपरोक्त विषयी सविनय कळवण्यात येते की, निम्नस्वाक्षरीकाराने या प्रकरणी माती खाल्ली आहे.

आता तुम्ही म्हणाल, कुंटे, समोर चहा निवतोय आणि ही कसली सरकारी भाषा? काय करणार! चौतीस वर्षं पाटबंधारे खात्याच्या कालवा उपविभागात लिपिक होतो. साधी कोथिंबीर आणायची म्हटली तरी मनात आधी विषय, मग संदर्भ आणि मग कोथिंबीर येते. या सवयीनेच माझा घात केला. पण घाई नको. प्रकरण क्रमाने मांडतो.

मुलगा इथे कॅनडातल्या केंब्रिजला मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर आहे. सहा वर्षांपूर्वी त्याने आम्हा दोघांना इकडे आणलं आणि बेसमेंटमध्ये ठेवलं. तक्रार नाही. बेसमेंट उबदार आहे, त्याला खिडकी आहे आणि खिडकीतून शेजाऱ्याचे विंटर टायर्स दिसतात. निसर्गसौंदर्य म्हणाल तर एवढंच.

पहिल्याच वर्षी मराठी मंडळाचा दिवाळी फराळ ओकव्हिलला एका निवृत्त डॉक्टरांच्या घरी होता. घर म्हणजे काय सांगू! आमचं सबंध उपविभाग कार्यालय त्या घराच्या गराजमध्ये मावलं असतं, आणि जुन्या फायली ठेवायला वर जागा उरली असती. डॉक्टर सबनीस दारात उभे राहून सगळ्यांचं स्वागत करत होते. उंच, सडपातळ, डोक्यावरचे सगळे केस जागच्या जागी. हिला बघितलं आणि ते थबकले.

"तुम्ही कराडच्या आपटे वकिलांच्या सुमन ना?"

"हो. पण आपण..."

"अहो, तुमच्या हातचे पोहे खाल्लेत मी!"

हॉलमध्ये साठ माणसं होती. साठ तोंडांतली चकली वाजायची थांबली.

"अय्या! तुम्ही ते कॅनडावाले?" असं म्हणून सुमन लाजली. साठीला टेकलेली बाई, सून शेजारी उभी, आणि लाजली! मी घड्याळ बघितलं. तीन वाजून दहा मिनिटं. नोंद असलेली बरी.

खुलासा करतो. हे डॉक्टर तरुणपणी कॅनडाहून तीन आठवड्यांची रजा काढून मुली बघायला कराडला आले होते. सुमनला बघून गेले. ते काही जुळलं नाही. महिन्याभराने मी गेलो, मीही पोहे खाल्ले, आणि जुळलं. सासरे म्हणायचे, कॅनडा फार लांब पडतं, पत्र पोचायला पंधरा दिवस. म्हणजे बघा, पहिली निविदा तांत्रिक कारणावरून बाद झाली, म्हणून दुसऱ्या क्रमांकाची मंजूर झाली. ती दुसऱ्या क्रमांकाची निविदा म्हणजे अस्मादिक. हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि माझी त्याला हरकतही नव्हती. पण पहिल्या क्रमांकाची निविदा एक दिवस माझ्यासमोर सिल्कच्या झब्ब्यात उभी राहून माझ्याच बायकोला बेसनाचा लाडू पुढे करील, याची तरतूद मी केलेली नव्हती.

डॉक्टरांच्या बायकोला, उषाताईंना, याचं काहीच नाही. त्याच सगळ्यांत मोठ्याने हसल्या. "अरे मधू, किती मुलींचे पोहे खाऊन ठेवलेत तू? प्रत्येक पार्टीत एक निघते!" नवऱ्याला अरे मधू म्हणतात. तीस-पस्तीस वर्षं कॅनडात राहिलं की असं होत असावं.

पुढच्या दिवाळ्याही तिथेच झाल्या. दर दिवाळीला नवीन सहलीचे फोटो, भिंतीएवढ्या टीव्हीवर. गेल्या खेपेला व्हेनिस होतं. कालवे, होड्या, पाण्याला लागून हॉटेल, खिडकीत उषाताई. पुढच्या फोटोत खिडकीत उषाताई आणि चहा. त्याच्या पुढच्या फोटोत नुसता चहा. मी मनातल्या मनात प्रत्येक फोटोला त्रुटी काढत होतो. सुमन मात्र हातातली शेव हातातच धरून बसली होती.

परतताना गाडीत म्हणाली, "किती शांत हॉटेल होतं, नाही? खिडकीखाली पाणी."

"डास असणार," मी म्हणालो.

"तुम्ही जन्मभर कालव्यांच्या फायली सांभाळल्यात. मला एक तरी कालवा दाखवलात?"

"अगं, तिथे बघण्यासारखं काय असतं? गाळ आणि पाणीचोरी."

"राहू दे. डॉक्टर बघा, उषाताईंना दर वर्षी कुठे ना कुठे नेतात."

डॉक्टर बघा! हे दोन शब्द माझ्या छातीत फाइलीच्या टाचणीसारखे घुसले. वर्षभर निघाले नाहीत. चहात साखर कमी झाली तरी मला वाटायचं, ही मनात म्हणत असेल, डॉक्टरांना गोड लागतो.

यंदाच्या ऑक्टोबरात लग्नाला चाळीस वर्षं पूर्ण होणार होती. मी जाहीर केलं, की आपण दोन दिवस कालव्याकाठी राहायचं आणि हॉटेल मी स्वतः निवडणार. सूनबाई म्हणाली, "बाबा, व्हेनिसला कशाला जाता, ऑटाव्याला आहे की कालवा." मला ते पटलं. कालव्याचं शहर म्हणवून घ्यायला एक कालवा पुरतो. आमच्या उपविभागातही एकच होता.

सुमन पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं.

"तुम्ही निवडणार? स्वतः?"

"स्वतः."

"माझ्यासाठी?"

"मग काय शेजाऱ्यांसाठी?"

ती पुन्हा लाटायला लागली. पण त्या दिवशी माझ्या पोळीवर तूप जरा जास्तच होतं, आणि संध्याकाळी ती भारतात बहिणीला फोनवर सांगताना ऐकलं, "अगं, चाळीस वर्षांत पहिल्यांदा हे माझ्यासाठी काहीतरी शोधतायत. मी काही विचारतसुद्धा नाहीये. शोधू दे." हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं असतं, तर आज इथे बसून तुमचा चहा पीत नसतो.

आता हॉटेल निवडायचं म्हणजे काय? तुम्ही फोनवर अंगठा फिरवता आणि मोकळे होता. मी तुलनात्मक तक्ता केला. रकाने: अनुक्रमांक, हॉटेलचं नाव, कालव्यापासून अंतर, शांतता, रोमँटिकपणा, शेरा. रोमँटिकपणा मोजायचा कसा, हे कोणत्याही परिपत्रकात दिलेलं नाही. सूनबाईला विचारलं. ती लॅपटॉपमधून डोकं वर न काढता म्हणाली, "फोटोत कँडल्स आहेत का बघा." मी मेणबत्त्या मोजून आकडे भरले.

पहिली दहा हॉटेलं आयती मिळाली. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी ऑटाव्याबद्दल विचारलं होतं, आणि डॉक्टर सबनिसांनी तत्परतेने दहा उत्तम हॉटेलांची यादी टाकली होती. खाली बत्तीस अंगठे, अकरा नमस्कार. आमच्या मंडळाची एक रीत आहे. कुणी एखाद्या जागेची तारीफ केली, की पुढच्या लाँग वीकेंडला बारा कुटुंबं राइस कुकर घेऊन तिथे हजर. मग लॉबीत अंताक्षरी.

नियमाप्रमाणे ही दहाही हॉटेलं मी तक्त्यात घेतली, आणि दहाही फेटाळली. का? अहो, कल्पना करा. मी सुमनला त्यांच्या यादीतल्या हॉटेलात नेलं. ती पडदा बाजूला करणार, बाहेर बघणार आणि म्हणणार, "डॉक्टरांची निवड छानच असते हो!" मग मी काय करायचं? कालव्यात उडी घ्यायची? तो म्हणे उथळ आहे.

मी स्वतंत्र शोध घेतला. चौथ्या दिवशी अकरावं हॉटेल सापडलं. जुनं विटांचं तिमजली घर, अगदी कालव्यासमोर, मोजून आठ खोल्या, मेणबत्त्या एकोणीस! फारसे अभिप्राय नव्हते. जे होते त्यात सगळ्यांत वर एक होता, एका तारेचा. लिहिलं होतं: खोली नंबर चारची खिडकी बंद होत नाही. बदकं पहाटेपासून कोकलतात. जिना करकरतो. कॉफी गार असते. मालकीणबाई फार बोलतात. रोमँटिक वगैरे मुळीच नाही, इकडे फिरकू नका. खाली सही: डॉ. एम. एस., ओकव्हिल.

मी दोनदा वाचलं. माधव सबनीस, ओकव्हिल! अहो, मला जो आनंद झाला, तो सेवानिवृत्तीच्या दिवशी झाला नव्हता. पृथ्वीच्या पाठीवर एक तरी हॉटेल होतं, जिथे डॉक्टर दुःखी झाले होते! जिथे ते पुन्हा पाऊल टाकणार नव्हते! जिथे खिडकीशी उभी राहून सुमन फक्त माझं नाव घेणार होती! मी तक्त्यात शेरा लिहिला, निवडीचं कारण नोंदवलं आणि खाली सही ठोकली.

एवढ्यावर थांबलो असतो तर? पण सवय! सूनबाई म्हणाली, "ऑनलाइन बुक केलंय बाबा, झालं काम." काम कसलं झालं? अभिप्रायात पाच त्रुटी दाखवलेल्या. त्यांची पूर्तता झाली की नाही, हे कोण बघणार? मी कागद घेतला आणि हॉटेलच्या मालकीणबाईंना इंग्रजीत रीतसर पत्र लिहिलं. आपल्या आस्थापनेविषयी संदर्भित इसमाने खालील तक्रारी केलेल्या आहेत. तरी मुद्देनिहाय पूर्तता अहवाल आमच्या आगमनापूर्वी पाठवावा. सोबत अभिप्रायाची प्रत जोडली. आणि निवड पारदर्शक असावी म्हणून सहपत्र क्रमांक दोन: तुलनात्मक तक्ता.

होय. तक्ता जोडला. चौतीस वर्षांत सहपत्राशिवाय एक कागद माझ्या टेबलावरून गेला नाही.

आठ दिवसांत टपालाने उत्तर आलं. हाताने लिहिलेलं, जांभळ्या शाईत. मालकीणबाईंचं नाव मादाम थेरेझ. लिहिलं होतं, की मी इंटरनेट वाचत नाही, त्यामुळे हे मला ठाऊकच नव्हतं. तुमचे फार उपकार झाले. सर्व मुद्द्यांची पूर्तता केली आहे. तुम्हाला आमची सर्वोत्तम खोली, म्हणजे नंबर चार, देत आहे. तक्रार करणाऱ्या गृहस्थांशी मी समक्ष बोलेन.

समक्ष? कुठे समक्ष? हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. मी पत्र सुनेला दाखवत होतो. "बघ, याला म्हणतात पाठपुरावा."

ऑक्टोबरच्या सुरुवातीला आगगाडीने निघालो. सुमनने जांभळी इरकली नेसून त्यावर विंटर जॅकेट घातलं होतं. मुळातच ती दिसायला... जाऊ द्या, निविदा उगाच दोन आल्या नव्हत्या.

हॉटेल फोटोपेक्षाही सरस निघालं. समोर कालवा, काठावर लालभडक मेपल, पाण्यावर पानं तरंगत चाललेली. बदकं होती, पण अत्यंत शिस्तीची. जिना करकरला नाही. मादाम थेरेझ म्हणजे सत्तरीच्या, ठेंगण्या, गळ्यात मोत्यांची माळ. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि इंग्रजीत म्हणाल्या, "मिस्टर कुंटे! तुमच्यासारखा प्रामाणिक माणूस मी पाहिला नाही." सुमनने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे जरा रुंद केले.

खोली नंबर चारची खिडकी उघडली तर खाली पाणी. सुमन कितीतरी वेळ तिथे उभी राहिली. मग वळून म्हणाली, "तुम्हाला कसं हो कळलं, मला असंच हवं होतं ते?"

"चाळीस वर्षांचा अनुभव," मी म्हणालो.

थोड्या वेळाने आम्ही काठाने फिरायला गेलो, तर हिने माझा हात धरला. भर रस्त्यात, सायकलवाल्यांच्या देखत! मी आजूबाजूला बघितलं, कुणी ओळखीचं नाही ना. आणि लगेच वाटलं, अरेरे, कुणी ओळखीचं का नाही? एक ओकव्हिलचा माणूस या वेळी इथे हवा होता!

इच्छा कधीकधी फार लवकर मंजूर होतात. चार वाजता खालच्या बैठकीत कॉफीला गेलो, तर खिडकीशी पाठमोरा एक उंच माणूस बसलेला. केस जागच्या जागी.

"सुमन! तू इथे?" उषाताई ओरडल्याच.

"उषाताई! तुम्ही कशा काय?"

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. डॉक्टर उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा रजेवर असताना साहेबांना भाजी मंडईत भेटलेल्या कारकुनासारखा झाला होता.

"कुंटे? तुम्ही? अहो, पण हे हॉटेल यादीत कुठे होतं?"

"नव्हतं," मी म्हणालो. "म्हणूनच."

उषाताई सांगत होत्या, "अगं, आम्ही पंधरा वर्षं दर ऑक्टोबरला इथेच येतो. माझी सगळ्यांत आवडती जागा. व्हेनिसपेक्षा आवडती! थेरेझ तर माझी मैत्रीणच झालीये. पण यंदा काय झालंय कळत नाही. आमची चार नंबरची खोली तिने दुसऱ्यालाच दिली. आम्हाला मागची दिलीये, पार्किंगच्या बाजूची. आणि मधूशी बोलतच नाहीये!"

पंधरा वर्षं! दर ऑक्टोबरला! मी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर छताकडे बघत होते.

तेवढ्यात मादाम थेरेझ कॉफीची किटली घेऊन आल्या. त्यांनी डॉक्टरांचा कप भरला. वाफा निघत होत्या. "डॉक्टर," त्या गोड आवाजात म्हणाल्या, "पुरेशी गरम आहे का? की मी फार बोलतेय?" आणि एप्रनच्या खिशातून एक लिफाफा काढून त्यांनी उषाताईंच्या पुढ्यात ठेवला. माझा लिफाफा! केंब्रिजच्या टपालाचा शिक्का असलेला!

उषाताईंनी चष्मा लावला. अभिप्राय मोठ्याने वाचला. खिडकी, बदकं, जिना, कॉफी, मालकीणबाई. आणि सही. मग कागद डॉक्टरांच्या नाकासमोर धरला.

"मधू! हे तू लिहिलंस?"

"उषा, ऐक तर आधी..."

"आणि खोटंनाटं लिहितानाही नावापुढे डॉक्टर लावल्याशिवाय राहवलं नाही तुला!"

"अगं, मंडळ येऊ नये म्हणून लिहिलं! आपलं हॉटेल, आपली शांतता! तू आठव ना, नायगाऱ्याला आपण ती जागा शोधली, एकदा ग्रुपवर टाकली आणि पुढच्याच महिन्यात काय झालं? बाथटबमध्ये साबुदाणा भिजवला होता लोकांनी! म्हणून बाकीची दहा हॉटेलं यादीत टाकली आणि याच्यावर... म्हणजे, संरक्षण म्हणून..."

उषाताईंनी हे इंग्रजीत मादामना सांगितलं. मादाम हळूच खुर्चीवर बसल्या. "म्हणजे दर ऑक्टोबरात माझ्या खोल्या रिकाम्या राहतात, त्या यामुळे? आणि मला वाटायचं, मीच म्हातारी झाले, म्हणून लोक येत नाहीत."

त्यावर डॉक्टरांना खाली मान घालावी लागली. खरं सांगतो, माझ्या आयुष्यातला तो परमोच्च क्षण होता. मी पाय पसरून बसलो होतो. पहिल्या क्रमांकाची निविदा माझ्या डोळ्यांसमोर काळ्या यादीत चालली होती, आणि शेजारी माझी बायको बसली होती, चार नंबरची. म्हणजे खोली नंबर चारची. मी एक बिस्किटसुद्धा उचललं.

आणि डॉक्टरांनी मान वर केली.

"कुंटे, एक विचारू? इतकं वाईट वाचूनही तुम्ही नेमकं हेच हॉटेल का घेतलंत?"

मी बिस्किट परत बशीत ठेवलं.

"तेही असेल की यात," उषाताई म्हणाल्या. "अजून एक कागद आहे." आणि त्यांनी सहपत्र क्रमांक दोन उलगडलं. "हे काय? केवढा मोठा तक्ता! रोमँटिकपणा, मेणबत्त्या सहा. शेरा: डॉ. स. यांना पसंत, सबब अमान्य. अनुक्रमांक दोन, मेणबत्त्या चार. डॉ. स. यांना पसंत, सबब अमान्य. अनुक्रमांक तीन..."

"उषाताई, पुढचं तसंच आहे," मी घाईघाईने म्हणालो.

"नाही नाही, वाचा ना," सुमन म्हणाली. फार शांतपणे. चाळीस वर्षं मी त्या शांतपणाला ओळखतो. तो आला, की घरातली मांजरंसुद्धा पलंगाखाली जायची.

उषाताईंनी दहाही वाचले. दहा वेळा पसंत, दहा वेळा अमान्य. डॉक्टरांचे खांदे हलायला लागले होते. शेवटी अकरावा.

"शेरा: डॉ. स. यांना नापसंत. सबब स्वीकृत."

डॉक्टर हसता हसता खुर्चीतून घसरले. मादाम थेरेझना कुणीही काही सांगितलं नव्हतं, पण त्याही हसत होत्या. हसत नव्हती ती एकच.

"म्हणजे मला काय आवडेल, म्हणून नव्हतं," सुमन म्हणाली.

"अगं, तसं नाही, शांतता रकान्यात मी..."

"त्या सबंध कागदावर माझं नाव कुठे आहे?"

मी बघितलं. उलटूनही बघितलं. माझी सही दोन ठिकाणी होती. डॉक्टर अकरा ठिकाणी होते.

"मी वेडी बहिणीला फोन करून सांगितलं, हे माझ्यासाठी शोधतायत. हे हॉटेल तुम्ही माझ्यासाठी नाही निवडलंत. डॉक्टरांसाठी निवडलंत. मग राहा डॉक्टरांबरोबर! चला उषाताई, तुमची बॅग चार नंबरमध्ये आणू."

"मीही हेच म्हणणार होते," उषाताई उठल्या. "मधू, तुझं सामान मागेच राहू दे. कुंट्यांना जागा दे."

आणि दोघी जिना चढून गेल्या. जिना करकरला नाही. पूर्तता झालेली होती ना!

तर मंडळी, लग्नाचा चाळिसावा वाढदिवस मी ऑटाव्यातल्या त्या शांत, रोमँटिक हॉटेलात पार्किंगकडच्या खोलीत, डॉक्टर माधव सबनीस यांच्या सहवासात साजरा केला. दोन कॉट. मध्ये एक मेणबत्ती. खिडकीतून स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट दिसतो. बंद केली तर गुदमरायला होतं आणि उघडली तर तळलेल्या बटाट्यांचा वास.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी बोटीतून कालव्यात फिरायला गेल्या. आम्ही दोघं आपापल्या कॉटवर, गुडघ्यांवर हात ठेवून बसलो होतो. मग डॉक्टर म्हणाले,

"कुंटे, एवढा कसला हो राग माझ्यावर?"

मी म्हटलं, "पोह्यांचा."

"अहो, ते पोहे मला महागात पडले! वकीलसाहेब तयार होते. पत्रिका जुळली होती, सगळं ठरल्यात जमा होतं. तुमच्या बायकोनेच नाही म्हणून सांगितलं."

"सुमनने?"

"मग! म्हणाली, मुलगा स्वतःबद्दल फार बोलतो. मध्यस्थांनी तसंच्या तसं येऊन सांगितलं मला. उषाला अजून सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. पुढे कळलं, एका कारकुनाला होकार दिला. म्हणे तो सबंध वेळ गप्प बसला होता, आणि जाताना स्वतःची बशी स्वतः आत नेऊन ठेवली."

मला ती बशी आठवेना. पण ठेवली असेल. वापरलेली वस्तू जागेवर ठेवण्याची सवय होतीच.

म्हणजे बघा. चाळीस वर्षं मी स्वतःला दुसऱ्या क्रमांकावर धरून चाललो होतो, आणि मूळ अभिलेखात मी पहिला होतो! जिने डॉक्टरांना नाकारून मला पत्करलं होतं, तिने काल मला नाकारून डॉक्टरांची बायको पत्करली होती. आणि ही वेळ माझ्यावर आणली कुणी? माझ्याच सहपत्राने.

संध्याकाळी दोघी बोटीतून उतरताना दिसल्या. सुमन कुठल्याशा गोष्टीवर इतकी हसत होती, की तिला कठड्याला धरावं लागलं. मी काठावर उभा होतो. मी हात केला. तिने केला नाही. उषाताईंनी केला, पण तो डॉक्टरांना असावा, कारण त्यानंतर त्यांनी तोंड फिरवलं.

केंब्रिजला परतल्यावर बेसमेंटमध्ये संभाषण पोळी, भाजी आणि औषधाच्या गोळ्या एवढ्यापुरतं उरलं. चौथ्या दिवशी मी कागद घेतला आणि रीतसर अर्ज केला. विषय: पुढील ऑक्टोबरमध्ये खोली नंबर चारमध्ये अर्जदारास जागा मिळणेबाबत. कारण या रकान्यात एकच ओळ लिहिली: खिडकीशी उभी असताना तू छान दिसत होतीस. संदर्भ नाही. सहपत्र नाही. मला ते फार उघडंवाघडं वाटलं, पण तसंच दिलं.

सुमनने चष्मा लावून अर्ज वाचला. एकदा माझ्याकडे बघितलं. मग घडी घातली आणि फ्रीजवर, मॅग्नेटखाली, दुधाच्या यादीशेजारी लावला.

आठवड्याने मी विचारलं, "काय झालं अर्जाचं?"

"बघू," ती म्हणाली.

दरम्यान असं कळतं, की उषाताईंनी पुढल्या ऑक्टोबरसाठी खोली नंबर चार दोघींच्या नावे आधीच राखून ठेवली आहे, आणि मादाम थेरेझनी मागची खोली डॉक्टर व कुंटे यांच्या नावे. अर्जदाराने काल पुन्हा विचारणा केली. उत्तर: बघू.

अर्ज प्रलंबित आहे.